आम्ही अदखलपात्र

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलं आहे. जिथं जीभ घसरली तिथं हात फिरवला, एवढंच.)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर वाचतो. आज एका शब्दावर बोलणार आहे. हा शब्द कुठल्या कवीचा नाही. फौजदारी कायद्याचा आहे. दखलपात्र. आणि त्याच्या पाठीला पाठ लावून उभा असलेला त्याचा भाऊ, अदखलपात्र. आपल्या बोलीत एनसी. वस्तीत शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं, “आमच्या बापानं एनसी केली.” पण एनसी म्हणजे काय, हे विचारा. निम्मे गप्प बसतील. दोन वर्षांपूर्वी मीही गप्प बसलो असतो.

मी मॅट्रिक. वकील नाही. गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत माल उचलतो, रात्री लिहितो. कायदा मला पुस्तकानं शिकवला नाही. एका पोराच्या फुटलेल्या कपाळानं शिकवला. आणि त्या प्रकरणात माझी स्वतःची चूक आहे, ती सांगायलाच मी उभा राहिलोय.

२०२३ चा पावसाळा. आमच्या टोळीत मराठवाड्यातून आलेला एक पोरगा होता. मला दादा म्हणायचा. दुपारची सुट्टी झाली, शेडमध्ये पाण्याचा जार, त्यावर मुकादमाचा स्टीलचा ग्लास. आमच्यासाठी प्लास्टिकचे मग वेगळे. हे कोणी लिहून लावलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मग सापडेना. पोरानं ग्लास उचलला आणि पाणी प्याला. मुकादम उठला. सगळ्या टोळीसमोर, दोन ट्रक ड्रायव्हर आणि चहावाल्या पोऱ्यासमोर म्हणाला, “महारड्या, बाटवलास ना ग्लास?” आणि हातातला लोखंडी पाना कपाळावर हाणला. सात टाके पडले.

टाके घालून घेऊन आम्ही रात्री आठला पोलीस ठाण्यात गेलो. पोरगा, मी आणि टोळीतला आणखी एक जण. हवालदार लिहायला बसला.

“काय झालं?”

“मारलं साहेब.”

“कशानं?”

पोरगा म्हणाला, “मारलं ना साहेब, हे बघा.” त्यानं पट्टी दाखवली.

“शिवीगाळ केली का?”

“हो साहेब. लई घाण बोलला.”

“काय बोलला?”

पोरानं मान खाली घातली. “घाण घाण बोलला साहेब.”

दोस्तांनो, ती शिवी त्याच्या तोंडून निघेना. शिवी देणाऱ्याला लाज नव्हती, खाणाऱ्याला होती. मी शेजारीच उभा होतो. मी विद्रोही कविता लिहितो, स्टेजवर त्याच शब्दाचे कोळसे फुंकतो. पण त्या ट्यूबलाइटखाली, त्या टेबलासमोर, माझ्याही तोंडून तो शब्द निघाला नाही. वाटलं, लिहून घेतायत ना, झालं काम.

हवालदारानं कागद दिला. मी मॅट्रिक, म्हणून वाचायला माझ्याकडे आला. “क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ करून किरकोळ मारहाण केली.” खाली कलम ३२३, ५०४. आणि शेवटी, “न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात आली.” मी म्हटलं, बरोबर आहे, कर सही. पोरानं सही केली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाबरोबर घडी करून खिशात ठेवला. आम्हाला वाटलं, केस झाली. येताना वडापाव खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मुकादम हसत कामावर. पोराचं नाव टोळीतून काटलेलं.

मग आम्ही वस्तीतल्या एका वकीलताईंकडे गेलो. त्यांनी कागद वाचला. वर बघितलं. विचारलं, “यात पाना कुठाय? यात जात कुठाय?”

एवढंच विचारलं. मला वाटलं मलाच कोणी पाना हाणला.

आता त्या शब्दाकडे या. दखलपात्र म्हणजे गंभीर आणि अदखलपात्र म्हणजे हलका, असं आपण समजतो. पण कायद्याची व्याख्या तशी नाही. ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो, तो दखलपात्र. ज्यात करू शकत नाही, तो अदखलपात्र. कोणता गुन्हा कुठल्या रांगेत, याची यादी संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दखलपात्र असेल तर पोलिसानं गुन्हा दाखल करायचा, म्हणजे एफआयआर, आणि कोर्टाला न विचारता तपास सुरू करायचा. अदखलपात्र असेल तर वहीत नोंद करायची आणि तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडे बोट दाखवायचं. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करायची पोलिसाला मुभाच नाही. “दाद मागण्याची समज दिली” म्हणजे सरळ मराठीत, आम्ही काही करणार नाही, तू तुझं बघ.

तेव्हाच्या कायद्यात हातानं मारलं, साधी दुखापत झाली, तर कलम ३२३, अदखलपात्र. लोखंडी हत्यारानं मारलं तर ३२४, दखलपात्र. नुसता अपमान, शांतता बिघडेल अशी शिवी, तर ५०४, अदखलपात्र. तीच शिवी जातीचं नाव घेऊन, लोकांच्या नजरेसमोर दिली, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, कलम ३. दखलपात्र, आणि अटकपूर्व जामीनही नाही. म्हणजे आमच्या कागदातून दोन शब्द गळले. पाना आणि महारडा. दोन शब्द गळले आणि दखलपात्राचं अदखलपात्र झालं. जखम तीच, टाके तेवढेच, साक्षीदार तेच. फक्त दोन शब्द नाहीत.

हवालदारानं मुद्दाम गाळले की आम्ही सांगितलेच नाहीत? दोन्ही. पट्टीखाली काय आहे, कशानं मारलं, हे त्यानं पुन्हा विचारायला पाहिजे होतं. पण सांगायला आमच्या तोंडाला काय झालं होतं? मी कवी. शब्दावर जगतो म्हणून मिरवतो. आणि ज्या दिवशी एका शब्दाला खरी किंमत होती, त्या दिवशी मी तो गिळला.

आता शब्दाच्या पोटात शिरू. दखल हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाचा अर्थ आत शिरणं, प्रवेश करणं. दखल, दाखल, दाखला, सगळी एकाच आईची पोरं. आणि घराबाहेर काढलं की बेदखल. आता बघा. शाळेत नाव दाखल. शाळा सुटल्याचा दाखला. जातीचा दाखला. गुन्हा दाखल. आपलं अख्खं आयुष्य या एका शब्दाच्या उंबरठ्यावर गेलंय. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले, १९३० साली नाशकात काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसं उभी राहिली. कशासाठी? आत शिरण्यासाठी. पाण्यात दखल, देवळात दखल. तेव्हा तळं बंद होतं, दार बंद होतं. आज ठाण्याचं दार उघडं आहे, पण आत गेल्यावर जी वही उघडतात, ती एनसीची. आत घेतात आणि बाहेरच ठेवतात.

आणि ही यादी कुणाच्या डोळ्यांनी केली, ते बघा. १८६१ साली इंग्रजांनी पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता केली. राज्य कोणाचं, त्याला भीती कशाची, त्यावर ठरलं की कुठं पोलिसानं लगेच हात घालायचा. हाताबुक्क्यांनी मारलं तर शिक्षा एक वर्षापर्यंत, तरी अदखलपात्र. बेकायदा जमावात नुसतं उभं राहिलं, कलम १४३, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, ते मात्र दखलपात्र. शिक्षा निम्मी, दखल पुरी. आमच्या अंगावर कोणी हात टाकला तर सरकार म्हणतं, कोर्टात जा. आम्ही पाच जण रस्त्यावर जमलो तर सरकार वॉरंटची वाट बघत नाही. इंग्रज गेला, १९७३ ची संहिता आली, ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, ती गेली, २०२३ ची नागरिक सुरक्षा संहिता आली. नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले. ही तराजूची दांडी तशीच वाकडी.

आणि दखल घ्यायची म्हटली की त्याच सरकारनं आपल्यातल्या माणसांची कशी घेतली, तेही ऐका. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. गुन्ह्याची नोंद नाही, माणसाचीच नोंद. जन्मलं पोर की ते गुन्हेगार. पुढे आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत झाली, माणसं हजेरी देत जगली. स्वातंत्र्य १९४७ ला आलं, हा कायदा जायला १९५२ उजाडलं. म्हणजे आम्ही आरोपी असलो की जन्मापासून दखलपात्र. फिर्यादी असलो की अदखलपात्र. हे नुसतं भाषण नाही, हा त्या कागदांचा इतिहास आहे.

पण हे वाकडं सरळ करायचा प्रयत्न झाला नाही, असं म्हणून मी खोटं बोलणार नाही. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली, आणि ती पाळणं हा गुन्हा आहे असं म्हटलं. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला, आणि त्यातले गुन्हे दखलपात्र धरले. पण त्यात एक गंमत होती. गुन्हा आपसात मिटवता येत होता. गावात पाटील बसवायचा, दोन शब्द बोलायचा, आणि बाटलेली विहीर पुन्हा त्यांची. १९७६ च्या दुरुस्तीनं ती पळवाट बंद केली आणि कायद्याला नागरी हक्क संरक्षण असं नाव दिलं. मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ३० जानेवारी १९९० पासून लागू.

तरी आत शिरायची लढाई संपली नाही. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. तारीख लक्षात ठेवा. २० मार्च म्हणजे आपला महाडचा दिवस. त्या निकालानं म्हटलं, अत्याचाराची फिर्याद आली तर आधी प्राथमिक चौकशी करता येईल, आणि वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय अटक नको. म्हणजे दखलपात्र गुन्ह्याला हळूच अदखलपात्राच्या बाकावर बसवलं. २ एप्रिल २०१८ ला भारत बंद झाला, उत्तरेत आपली माणसं गोळीनं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८-ए घातलं. प्राथमिक चौकशीची गरज नाही, मंजुरीची गरज नाही. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं आपले ते निर्देश मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० ला १८-ए वैध ठरवलं. हे एक अक्षर आणि एक आकडा. १८-ए. याला रक्ताचा भाव आहे. कुठल्या ठाण्यात कोणी म्हणालं, आधी चौकशी करू मग बघू, तर हा आकडा तोंडावर असला पाहिजे.

हे आज जास्त लागणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम १७३ आहे. त्यात चांगलं आहे ते घ्या. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कुठल्याही ठाण्यात नोंद करता येते. ऑनलाइन खबर देता येते, तीन दिवसांत सही करायची. पण त्याच कलमात, तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, वरिष्ठाच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची सोय आहे. जातीच्या शिवीला शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कोणी तरी हे १४ दिवस आपल्याला दाखवणारच. तेव्हा १८-ए दाखवा, आणि त्याच कायद्याचं कलम २० दाखवा. दुसऱ्या कायद्यात काहीही असो, हा कायदा वरचढ, असं ते सांगतं.

आणखी एक. जुन्या कायद्यात चोरी म्हणजे चोरी, ती दखलपात्र. नव्यात, पाच हजाराच्या आतली चोरी, चोर पहिल्यांदा सापडला असेल आणि माल परत दिला तर समाजसेवेची शिक्षा. भुकेनं भाकर उचलणाऱ्याला तुरुंगात टाकू नका, हे मला मान्य आहे. पण त्याबरोबर ही चोरी अदखलपात्राच्या रांगेत गेली. आता आपल्या टोळीतल्या कुणाचा फोन पाच हजाराच्या वरचा आहे? हात वर करा. बघा. बिगाऱ्याचा फोन, धुणंभांडीवालीची पर्स, हातगाडीवाल्याचा गल्ला, सगळं एनसी. साहेबाचा फोन दखलपात्र. रुपयानं माणूस मोजला की असं होतं.

आता त्या पोराचं पुढं काय झालं ते सांगतो. वकीलताईंनी अर्ज लिहायला बसवलं. म्हणाल्या, “तूच लिही. तू लेखक ना?” मी लिहिलं. पाना लिहिला, किती लांब तेही लिहिलं. ग्लास लिहिला. शिवी लिहिली, अवतरणचिन्हात, जशीच्या तशी. हात थरथरत होता. कविता लिहिताना असा कधी थरथरला नाही. कोण कोण समोर होतं ते लिहिलं. अर्ज ठाण्यात दिला, पोच मागितली, मिळेना. मग टपालानं पोलीस उपायुक्तांना पाठवला, रजिस्टर करून, पावती जपली. एकोणिसाव्या दिवशी गुन्हा दाखल झाला. ३२४, ५०४ आणि अत्याचार कायदा.

तुम्ही टाळ्या वाजवाल. थांबा. खटला अजून चालूच आहे, आणि समोरच्या वकिलाचा पहिला सवाल काय, ऐका. एकोणीस दिवस कुठं होता? पहिल्या कागदात जात नाही, हत्यार नाही, मग हे नंतर कोणी शिकवलं? आणि पुराव्याला त्यानं काय काढलं? आमचीच एनसी. पोराच्या सहीची. माझ्या वाचनाची. जो कागद त्यानं आधार कार्डासारखा जपला, तोच त्याच्या छातीवर रोखला. एनसी म्हणजे नुसतं काही न होणं नाही, दोस्तांनो. एनसी म्हणजे तुमच्या विरुद्ध तयार झालेला पहिला साक्षीदार.

म्हणून सांगतो ते घरी जाऊन चार जणांना सांगा.

ठाण्यात एकट्यानं जाऊ नका, आणि घाबरलेल्यानं एकट्यानं बोलू नये. कशानं मारलं, कुठं मारलं, कुणासमोर मारलं, हे बोला. शिवी जशी दिली तशी बोला. ती आपली लाज नाही, ती त्याची आहे, ती त्याच्या खात्यावर लिहायची आहे. जागा लिहा. चार भिंतींच्या आत, कोणी बाहेरचं नसताना दिलेली शिवी लोकांच्या नजरेतली नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली म्हटलंय. म्हणून कोण बघत होतं, ते पहिल्या कागदातच आलं पाहिजे.

सही करण्याआधी वाचून घ्या. अत्याचार कायद्याच्या चौथ्या कलमात अधिकाऱ्याचं कर्तव्यच लिहिलंय. तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायचं, सहीआधी वाचून दाखवायचं, योग्य कलमाखाली गुन्हा नोंदवायचा, नक्कल लगेच द्यायची. जो सरकारी नोकर स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही आणि जाणूनबुजून हे करत नाही, त्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगितलीय. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. हक्कानं मागा.

साहेब म्हणाला की आम्ही ठरवू नोंदवायचं का, तर सांगा, १२ नोव्हेंबर २०१३. ललिता कुमारी निकाल. पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक. खबर खरी की खोटी, हे तपासात ठरतं, टेबलावर नाही. तरी घेतलं नाही तर लेखी, टपालानं, वरिष्ठांना. तरी नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे. दारं आहेत. एका दारावर डोकं आपटून परत फिरू नका.

आमच्या गोदीत एक रीत आहे. जहाजातून माल उतरताना प्रत्येक नग मोजतात. टॅलीवाला कागद घेऊन उभा. एखादी पेटी फुटलेली निघाली की लगेच लिहितो, फुटलेली, कशी फुटलेली, कुठल्या कोपऱ्यावर. कारण पेटीला मालक असतो, मालक विचारतो. माणूस फुटला तर कोण विचारतो? मी रोज ते बघतो आणि मला वाटतं, आमची टॅली आम्हीच घेतली पाहिजे. प्रत्येक वस्तीत एक वही. कोणाला काय झालं, कधी, कुणासमोर, कुठला शब्द. ज्याला दहा ओळी लिहिता येतात त्यानं ठाण्यात जाताना बरोबर जायचं. कविता लिहिणाऱ्यांनी तर आधी जायचं. मोठ्या मासिकात कविता छापून यायची वाट बघण्यापेक्षा एक फिर्याद नीट लिहिली, तर ती माझ्या मते जास्त मोठी साहित्यसेवा.

शेवटचं. त्या संहितेत एक पोटकलम आहे. जुन्यात १५५, नव्यात १७४, दोन्हीकडे चौथं. मला ते वकीलताईंनी दाखवलं तेव्हा मी दोनदा वाचलं. एका प्रकरणात अनेक गुन्हे असले आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तर सगळं प्रकरणच दखलपात्र धरायचं. बाकीचे कितीही अदखलपात्र असोत.

त्या पोराच्या कागदावर एक शब्द बरोबर आला असता तरी सगळं आत गेलं असतं. एकच शब्द. तो माझ्या तोंडात होता.

तो पोरगा आता दुसरीकडे हमाली करतो. तारखेला येतो. मला अजून दादाच म्हणतो. मागच्या तारखेला कोर्टाच्या पायरीवर मला म्हणाला, “दादा, आता कुणी विचारलं तर मी मोठ्यानं सांगतो, काय बोलला ते.”

मी म्हटलं, सांग. मी शेजारी उभा आहे.

जय भीम.